सहावा महिना चालू आहे, 'वॉकिंग करा' म्हणजे नक्की किती आणि कुठे??

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मला सहावा चालू आहे, पहिलंच आहे, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. मागच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारलं की व्यायाम काय करू, तर त्या सोनोग्राफीचा रिपोर्ट बघता बघता "वॉकिंग करा" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आता वॉकिंग करा म्हणजे किती करा? घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई फोनवर रोज बजावते की फार हिंडू नकोस, पहिलटकरणीने जपावं. सासूबाईंचं म्हणणं बसून राहिलीस तर सिझरच होणार बघ. आणि नवऱ्याने स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलंय, त्यात १०००० पावलं झाली नाहीत की ते संध्याकाळी थरथरतं.

राहायला सिंहगड रोडला, काम घरूनच. बाहेर फुटपाथ आहे पण त्यावर अर्ध्यात भाजीवाले, अर्ध्यात लावलेल्या टू व्हीलर, आणि उरलेल्यात पेव्हर ब्लॉक उखडलेले, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते आणि तिथे बाकावरच्या काकवा "कितवा गं?" पासून सुरू करून पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी इथपर्यंत जातात. तर प्रश्न असे की किती वेळ चालायचं, सकाळी की संध्याकाळी, जेवणानंतर लगेच चाललं तर चालतं का (😀), आणि दोन मजले चढले तरी धाप लागते ते बरोबर आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर वीस मिनिटांनी लघवीला लागते त्याचं काय करायचं??

अवखळ_वारा

शेवटच्या प्रश्नासाठी +१००. मी सातव्यात आहे आणि माझा चालण्याचा सगळा रूट कुठे स्वच्छ टॉयलेट आहे त्यावर ठरतो. घर, कोपऱ्यावरचं हॉटेल (मालक ओळखीचा आहे, नुसतं जाऊन आलं तरी काही म्हणत नाही), परत घर. पाणी कमी प्यायचा उपाय मात्र करू नकोस, माझ्या चुलत बहिणीला तेवढ्यावरून युरिन इन्फेक्शन झालं होतं.

सुईणबाई

जुन्यांना माहितीये, नव्यांसाठी सांगते, मी गायनॅक आहे, आयडी गमतीत घेतलाय. कोथिंबीरवडी, तुझे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समज आणि पुढच्या व्हिजिटला तुझ्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचार, "मला चालण्यावर काही बंधन आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं, पुढचा पेशंट आत आला तरी.

बंधन नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गरोदर बायकांसाठी हाच आकडा आहे, अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचाही हाच. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. सलग जमत नसेल तर सकाळी पंधरा संध्याकाळी पंधरा, काही बिघडत नाही. आधी अजिबात सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरू करायचं आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं.

मध्यम जोर कसा ओळखायचा तर चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर रमतगमत चाललंय, वाक्य अर्ध्यात तुटत असेल तर वेग कमी करा. घड्याळातल्या नाडीच्या ठोक्यांच्या मागे लागू नका कारण गरोदरपणात ते एरवीपेक्षा जास्तच असतात. आणि तो १०००० चा आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हाचा आहे, कुठल्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकातला नाही. घड्याळ नवऱ्याला परत दे.

धाप लागते कारण शरीरात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, हृदयाला जास्त काम असतं, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे श्वासही जोरात चालतो. जिना चढून धाप लागली आणि दोन मिनिटांत शांत झाली तर ठीक. बसल्या जागी धाप लागत असेल, झोपल्यावर वाढत असेल, छातीत धडधडत असेल तर हिमोग्लोबिन आणि बीपी आधी बघा, चालणं नंतर.

जेवणानंतर दहा पंधरा मिनिटं सावकाश चालायला काहीच हरकत नाही, उलट शुगरसाठी चांगलं. सकाळ की संध्याकाळ, तर ज्या वेळेला तू खरंच जाशील ती.

बोरघाट

पुरुष आयडीने इथे लिहावं का माहीत नाही पण लिहितो. बायकोच्या वेळी मी रोज बरोबर चालायचो. सुरुवातीला मी पुढे आणि ती मागे, मग एकदा भर रस्त्यात थांबून तिने विचारलं तू फिरायला आलायस की ट्रेन पकडायला. तेव्हापासून तिच्या वेगाने चालायला शिकलो. घड्याळवाल्या भाऊंना माझा सल्ला, घड्याळ बांधण्यापेक्षा सोबत जा. फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला, वाहनांच्या बाजूला तुम्ही स्वतः राहा आणि तिला कडेला ठेवा. शिवाय बुटाची लेस. आठव्या महिन्यात ती वाकून लेस बांधू शकत नव्हती आणि हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला, ती बिचारी चपला घालून चालत होती. पाऊल पण सुजून मोठं झालेलं, एक नंबर मोठे, बिनलेसचे बूट आणले मग.

(माझं पोट त्या काळात कमी झालं, हे अवांतर.)

मीठभाकर

सरसकट सगळ्यांना चाला चाला सांगू नका ही कळकळीची विनंती. माझी विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) खाली होती आणि एकदा थोडं अंगावरून लाल गेलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं जड उचलायचं नाही, लांब चालायचं नाही, घरातल्या घरात हिंडा. पण नातेवाइकांना हे कोण समजावणार? ओटीभरणाला आलेल्या प्रत्येक बाईने मला ऐकवलं की आजकालच्या मुली आळशी, डॉक्टरांची फॅशन आहे बेडरेस्ट सांगायची. एका मावशींनी तर हात धरून उठवलंच, चल म्हणे गेटपर्यंत. बत्तिसाव्या आठवड्याला परत सोनोग्राफी झाली, वार वर सरकलेली दिसली आणि मग परवानगी मिळाली. तोवर मी खिडकीत बसून सोसायटीतल्या बाकीच्या पोटुश्या फेऱ्या मारताना बघायचे आणि जळायचे.

सुईणबाई

मीठभाकर, बरं झालं लिहिलंस. विसाव्या आठवड्याला वार खाली दिसणं तसं बऱ्याच जणींत असतं, गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी ती बहुतेकींची वर जाते. जिची शेवटपर्यंत खालीच राहते तिने व्यायाम म्हणून चालायचं नाही. तसंच गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय, पाणी आधीच गेलंय, दिवस भरायच्या आधी कळा येतायत, बीपी वाढून लघवीत प्रथिनं जातायत, हिमोग्लोबिन फारच खाली आहे, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार आहे, या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करायचं नाही. जुळी असतील त्यांनीही विचारूनच.

आणि जिला पूर्ण परवानगी आहे तिनेसुद्धा चालताना अंगावरून लाल गेलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, पोट ठरावीक वेळाने कडक होऊन दुखायला लागलं, चक्कर आली, डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. "घरी जाऊन पडते जरा, बघू" असं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मी नागपूरची, माझा सातवा आठवा भर एप्रिल-मे मध्ये आला. आमच्याकडे सकाळी आठलाच झळा सुरू होतात आणि दुपारी ४५ च्या घरात पारा, तिथं कुठचं वॉकिंग बापा. पहाटे साडेपाचला निघायचं म्हटलं तर कुत्री. रात्रभर जागी राहून त्या वेळेला अख्खी गल्ली त्यांचीच असते आणि पोट घेऊन पळता तर येत नाही. शेवटी घरातच चालली मी. हॉल, पॅसेज, मागचं अंगण, परत हॉल, कूलर समोर आला की दोन मिनिटं थांबायचं. सासरे पेपर वाचत बसायचे तिथून माझा रस्ता जायचा, तर ते दर फेरीला पाय वर घ्यायचे न बोलता. हसू यायचं मले. मॉलमध्ये पण जाऊन चालली कधीमधी, एसी असते आणि बाथरूम असते, पण नवरा म्हणे दर वेळी दोन हजाराची खरेदी होते, त्याच्यापेक्षा घरचा पॅसेज बरा.

उन्हात खरंच नका जाऊ कोणी. लिंबू सरबत, ताक जवळ ठेवा.

रमाबाई_१९५२

तुम्हा मुलींचं सगळं मिनिटांत आणि मोजणीत. आमच्या आज्या शेतात काम करता करता बाळंत व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला. दळण, पाणी, धुणं यातच सगळा व्यायाम होत असे. कोणी १५० मिनिटं सांगायला आलं नव्हतं.

माळरान

रमाबाई, राग मानू नका, पण माझी नोकरी आरोग्य खात्यात बीड जिल्ह्यात आहे म्हणून बोलते. त्या आज्यांपैकी ज्या वाचल्या त्यांच्या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. अगदी १९९० च्या सुमाराससुद्धा आपल्या देशात एक लाख जन्मांमागे साडेपाचशेहून जास्त बायका बाळंतपणाशी संबंधित कारणांनी जात होत्या. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत ते ९७ वर आलंय, आणि महाराष्ट्रात ३३. हे दळणामुळे नाही झालं, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागल्याने आणि तपासण्यांमुळे झालं.

दुसरं म्हणजे कष्ट आणि व्यायाम एक नाही. आमच्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सातव्या आठव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन फडातून गाडीपर्यंत जातात, पहाटेपासून, पोटात नीट काही नसताना. तिला मी "ताई रोज अर्धा तास चाला" म्हणू का? तिला मी सांगते की मोळी दुसऱ्याला दे, दुपारी तासभर डाव्या कुशीवर पड, लोहाच्या गोळ्या सोडू नकोस. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, १८० दिवस रोज एक घ्यायची असते, पण काळी शी होते, मळमळतं म्हणून निम्म्या जणी डब्यात साठवून ठेवतात. मी घरी गेले की आधी डबा उघडायला लावते. चहाबरोबर घेतात ते वेगळंच, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणून सांगून सांगून तोंड दुखतं. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१). हा धागा वाचणाऱ्या शहरातल्या मुलींनीही चालून थकवा येतोय म्हटलं की आधी तो आकडा बघावा, कारण एसीत बसणाऱ्यांचंही ९ निघतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, डॉक्टर बघतात. घरी कामाला येणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोला कोणी सांगितलंत तर बरं होईल.

रमाबाई_१९५२

मोळीचं माहीत नव्हतं. लिहीत जा गं तू.

निशिगंध_

माझा अनुभव शुगरचा. ७५ ग्रॅमचं ते गोड पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात ना, त्यात माझी १४० च्या वर आली आणि मी डॉक्टरांसमोरच रडले. आमच्याकडे कोणालाच डायबेटिस नाही, मला कसा. तर डॉक्टरांनी आधी आहार आणि चालणं यावर ठेवलं, दोन आठवड्यांनी बघू म्हणाल्या, नाहीतर इन्सुलिन. घरी मशीन आणलं आणि मी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. दोन पोळ्या, भाजी, वरण, थोडा भात, एवढं जेवून सोफ्यावर बसले की दोन तासांनी आकडा १३५-१४० च्या आसपास. तेच जेवण आणि लगेच पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या, की १२० च्या आत. रोज इतकं सरळ नाही व्हायचं, झोप नीट झाली नाही की काहीही आकडा यायचा, पण फरक डोळ्यांना दिसत होता. सकाळी एकदाच तासभर चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर थोडं थोडं चालल्याचा मला जास्त उपयोग झाला. इन्सुलिन घ्यावं लागलं नाही. (जिला लागतं तिने घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही, माझ्या जावेला लागलं होतं आणि ती माझ्यापेक्षा जास्त चालायची.)

स्टॉकहोमची_सून

इकडचं सांगते. इथे नॉर्मल प्रेग्नन्सीत डॉक्टर जवळजवळ दिसतच नाहीत, सगळं सुईण बघते, शिकलेली, सरकारी. पहिल्याच भेटीत तिने विचारलं रोज किती चालतेस, आणि मी अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे आराम करतात. तिचा चेहरा बघण्यासारखा होता. इथे बायका नवव्या महिन्यात सायकलवरून ऑफिसला येतात. पण जानेवारीत दुपारी तीनला अंधार आणि फुटपाथवर काचेसारखा बर्फ. तिनेच सांगितलं बुटांच्या तळव्याला अडकवायचे खिळे घे. ते घातले की टक टक आवाज करत चालता येतं, घसरत नाही, फक्त दुकानात शिरताना काढायचे नाहीतर लादीवर आपटतोच. आई व्हिडिओ कॉलवर ते बघून म्हणाली घोड्याला नाल ठोकलीय का.

पोट पुढे आलं की तोल बदलतो हे मात्र खरंय. पायाखालचं दिसतच नाही.

कोथिंबीरवडी

बापरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी, एकेकीला सावकाश उत्तर देते. घड्याळ परत केलंय 😀 आणि डॉक्टरांना तो प्रश्न फोनवर विचारला, बंधन नाही म्हणाल्या. सध्या दोन वेळा पंधरा मिनिटं चालू आहे. पण एक नवीनच. दोन तीन दिवसांपासून चालताना जांघेत आणि पुढे मधल्या हाडाजवळ सुरी खुपसल्यासारखी कळ येते, अंथरुणात कूस बदलताना पण, आणि पँट घालताना एका पायावर उभी राहिले की तर ओरडतेच. सासूबाई म्हणतात चालून चालून मोकळं होईल. होईल का?

सुईणबाई

नाही, दुखत असताना चालून मोकळं होत नाही, वाढतं. कमरेच्या हाडांचे सांधे गरोदरपणात सैल पडतात, त्यामुळे हे होतं, बाळाला धोका नाही पण तुला त्रास आहे. पावलं छोटी टाक, फेऱ्यांची वेळ अर्ध्यावर आण, जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय घेऊन मग पुढची. पँट बसून घाल. झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि कूस बदलताना गुडघे जुळवून एकदम वळ. मांडी घालून जमिनीवर बसणं आणि वाकून फरशी पुसणं सध्या बंद. पुढच्या व्हिजिटला दाखव आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवा म्हणून सांग, पट्टा लावायचा का ते ती बघून सांगेल. चालणं सोसवत नसेल तर पोहणं हा पर्याय आहे, पाण्यात वजन जाणवत नाही. कळ सारखी येऊन जाऊन पोट कडक होत असेल किंवा लघवीला जळजळत असेल तर मात्र व्हिजिटची वाट न बघता जा.

चिंगी

कोणीतरी ते "चाललीस तर नॉर्मल होईल" यावर बोला प्लीज. मी शेवटच्या दिवसापर्यंत चालले. नववा लागल्यावर सकाळ संध्याकाळ. बाळ पायाळू राहिलं ते राहिलंच, सिझर झालं. आणि बघायला येणारी प्रत्येक बाई पहिलं वाक्य काय बोलते, "चालत नव्हतीस का गं?" टाके दुखत असताना हे ऐकायचं.

सुईणबाई

चिंगी, त्यांना माझ्याकडे पाठव. बाळ पायाळू असणं, वार खाली असणं, बाळाचे ठोके मंदावणं, यातलं काहीही चालण्याने बदलत नाही. नियमित चालणाऱ्यांना वजन, शुगर, बीपी, पाठदुखी, झोप, मूड यासाठी फायदा होतो आणि त्यातून सिझरची शक्यता थोडीफार कमी होतेही, पण ते गटाबद्दल आहे, एकेका बाईला हमी कोणीच देऊ शकत नाही. नवव्यात तासन् तास चालून कळा सुरू होतात यालाही मी भरवशाचं मानत नाही, मी बघितलंय की बायका फक्त दमून येतात आणि मग खरं जोर लावायच्या वेळी अंगात त्राण नसतं.

एक मात्र आहे. कळा सुरू झाल्यावर पलंगावर उताणं पडून राहण्यापेक्षा उभं राहणं, चालणं याचा उपयोग होतो. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा उभ्या राहणाऱ्या, चालणाऱ्या बायकांमध्ये बाळंतपणाचा पहिला टप्पा (गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा) सरासरी तासाभराहून जास्त लहान झालेला दिसला. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दाखल केलं की लगेच झोपवून सलाइन लावतात. हे आधीच्या व्हिजिटला विचारून ठेवा, "कळा येताना मला हिंडू द्याल का?"

बोरघाट

हे आधी माहीत असतं तर. आमच्या वेळी कॉरिडॉरमध्ये मीच एकटा फेऱ्या मारत होतो.

अवखळ_वारा

😂😂 बोरघाट

कोथिंबीरवडी, तू सिंहगड रोडला असशील तर तळजाईच्या टेकडीवर गाडीने जाऊन वर सपाटीवर चालता येतं, झाडी आहे, फक्त पावसात चिखल होतो आणि रविवारी फार गर्दी. मी शनिवारी सकाळी असते. बिनलेसचे बूट आणि बडबड करायला लागेल इतका वेग, यायचं असेल तर विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) कर.

कोथिंबीरवडी

केली विपू! जांघेचं थांबलं की नक्की. आणि सुईणबाई, एक शेवटचं, सिझर झालं तर नंतर कधी चालायचं असतं? चिंगीचं वाचून विचारतेय.

सुईणबाई

साधारण २४ तासांच्या आत नर्स येऊन उठवतेच, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. बाथरूमपर्यंत जायचं आणि यायचं, वाकून का होईना. पुढचं, म्हणजे टाके, पोटपट्टा, कधी बाहेर पडायचं आणि सव्वा महिना कोणी घरातून सोडत नाही त्याचं काय करायचं, हे मोठं आहे. त्याला वेगळा धागा काढ, इथे हे शंभर प्रतिसादांखाली कोणाला सापडायचं नाही.

चिंगी

मी काढते. टाके अजून ताजे आहेत.